खांबामागचं टेबल

चेल्लम्मा : टोपी काढून खिशात घातलीस म्हणून हाजी इद्रुस ओळखू यायचा राहतो की काय, अण्णा? ती दाढी ठेवलीयस ना वर. आत सरक. अजून आत. तुझं कोपर खांबाच्या बाहेर दिसतंय.

इद्रुस : हळू बोल जरा. नाव कशाला घेतेस?

चेल्लम्मा : या फूड कोर्टात कोण ऐकतंय? तिकडे आह सेंग कढई आपटतोय, लाक्सावाल्यापुढे रांग दारापर्यंत गेलीय. या गलक्यात मला माझंच नाव ऐकू येत नाही, तुझं कुणाला येणार? हे घे, पासेंबुर. वडे, बटाटा, टोफू, काकडी, सगळं घातलंय. रस्सा दोनच चमचे.

इद्रुस : रस्सा घातलास की नुसती सही केलीस?

चेल्लम्मा : गोड असतो तो. रताळं आहे, गूळ आहे. तुझी साखर एकदम खाली जाते म्हणून डॉक्टरनं रोजे बंद केले. वर चढवून ठेव, असं नाही म्हणाला तो. आधी खा, मग गोळी घे.

इद्रुस : बारा वीस झाले. गोळी बाराची आहे. तुझी गाडी रोज लेट.

चेल्लम्मा : रोज म्हणे. आज चौथा तर दिवस तुझा. आणि रेल्वेत होतास तेव्हा तू तरी कुठली गाडी वेळेवर सोडलीस? माझा नवरा सांगायचा मला सगळं.

इद्रुस : अरुमुगम काहीही सांगायचा. तो नुसता बावटा धरून उभा राहायचा, सिग्नल मी द्यायचो. तायपिंग स्टेशनात बत्तीस वर्षं काढली, एका गाडीला खोटा सिग्नल दिला नाही.

चेल्लम्मा : हो का? मग आता कुणाला देतोयस? … सात नंबर? येतंय, येतंय, चार डोसे, एक बिनमिरचीचा. हात दोनच आहेत मला. … खा ना, अण्णा. बघत काय बसलास?

इद्रुस : वडा कुरकुरीत झालाय.

चेल्लम्मा : झालाय ना? मग तोंड असं कडू का करतोयस? आणि ऐक, पाऊण वाजायच्या आत ऊठ. हे टेबल एकला दिलेलं आहे.

इद्रुस : हे? पंखा नाही, वरून पन्हाळ ठिबकतेय, समोर भांडी घासायची मोरी. याला कोण गिऱ्हाईक मिळालं तुला?

चेल्लम्मा : आहे एक. जुनं आहे. तुझ्याआधीपासूनचं.

इद्रुस : आमच्यातलंच कुणी? रोजा चुकवणारं? कोण गं? आमच्या मशिदीत येतो का तो?

चेल्लम्मा : झालं. लगेच शिट्टी फुंकलीस. स्वतः खांबामागे बसून खातोयस आणि चौकशी दुसऱ्याची.

इद्रुस : विचारलं आपलं.

चेल्लम्मा : तुझं मी कुणापाशी बोलले? मग दुसऱ्याचं तुझ्यापाशी का बोलू? पान संपव.

इद्रुस : नाही जात, चेल्ला.

चेल्लम्मा : बिघडलंय का काही? मीठ?

इद्रुस : मीठ बरोबर आहे. काल नातीशी एक बोललो, ते सारखं आठवतंय.

चेल्लम्मा : मावरशी? एवढ्याशा पोरीशी काय बोललास?

इद्रुस : आठ वर्षांची आहे. यंदा पहिल्यांदा पूर्ण रोजे धरतेय. कुणी सांगितलं नाही तिला. मला तोक म्हणते ना, तोक धरतात म्हणून मीही धरणार, म्हणाली. काल पाच वाजता फ्रिजला टेकून बसली होती आणि पाणी पाणी करत रडत होती. मी म्हटलं, मावर, माझ्याकडे बघ. एकाहत्तर वर्षांचा म्हातारा तुझा आजोबा. मी रडतोय का? माझ्या घशाला कोरड नाही पडत?

चेल्लम्मा : आणि दुपारी इथे तीन डोसे खाऊन गेला होतास.

इद्रुस : दोन.

चेल्लम्मा : तीन. मीच भाजले. वर काळा चहा.

इद्रुस : दोन होते गं.

चेल्लम्मा : बरं, दोन. मग काय झालं?

इद्रुस : गप्प झाली. डोळे पुसले. माझा हात धरला आणि म्हणाली, तोक, आपण दोघं सूर्य बुडेपर्यंत बोलायचंच नाही, म्हणजे तोंडातली थुंकी पुरेल. आणि बसली की तशी. अडीच तास. मध्येच माझ्याकडे बघायची, मी ठीक आहे ना म्हणून. चेल्ला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चेल्लम्मा : मग सांगून टाक ना, बाबा. आजारी माणसाला माफ असतं तुमच्यात. तूच सांगायचास ना माझ्या नवऱ्याला? मी आमच्या मुरुगनदेवाचं तैपूसमचं व्रत धरते ना, एकदा तापात दोन दिवस सोडलं होतं, मुरुगन काही मला बोलला नाही.

इद्रुस : देव नाही बोलत. देवाची भीती नाही मला. माफ आहे, आणि त्याच्याबदली रोज एका गरिबाला जेवण द्यायचं, लोक तांदूळ आणून देतात. पण ते तांदूळ घ्यायला मशिदीच्या दारात टेबल टाकून बसतो कोण? मीच. आता माझे तांदूळ मीच उचलून मलाच नेऊन देऊ?

चेल्लम्मा : दे. आणि स्वतःला थँक्यू म्हण.

इद्रुस : तुला चेष्टा सुचतेय. तीन वाजता मशिदीच्या अंगणात पेजेचं पातेलं चढतं. ढवळायचं काम माझं, वीस वर्षं. सगळी गल्ली डबे घेऊन उभी असते आणि म्हणते, हाजींना बघा, या वयात, रोजा धरून, आगीपुढे. गेल्या रविवारी तिथेच डोळ्यांपुढे अंधारी आली. धरलं लोकांनी मला. मी सांगितलं, ऊन लागलं. लगेच एकानं माझ्यावर छत्री धरली. रोज धरतो आता. मी ढवळतो आणि तो छत्री धरून उभा. तिकडे मान वर करवत नाही मला.

चेल्लम्मा : लोकांचं सोड. घरात सांग. सून आहे ना घरात? गुणाची आहे पोर.

इद्रुस : लिनाला? तिला तर नाहीच सांगणार. त्या घराची शिस्त मी लावलीय, चेल्ला. आमच्या घरात दिवसा ग्लास वाजत नाही. अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

चेल्लम्मा : हो. मलाही माहीत आहे. चांगलंच माहीत आहे.

इद्रुस : असं का म्हणालीस?

चेल्लम्मा : काही नाही. साडेबारा होऊन गेले, ऊठ आता. उरलेलं बांधून देते. मोरीकडच्या दारानं जा. … हो हो, बारा नंबर, पासेंबुर दोन. रस्सा भरपूर, कळलं. … अगं बाई. लिना? आज इतक्या लवकर?

हस्लिना : दुकानातली वीज गेली, चेल्लम्मा. सगळी शिलाई मशिनं बंद पडली. ईदचे कपडे तुंबलेत आणि ही गंमत. मालकीणबाई म्हणाल्या, जेवायची सुट्टी आत्ताच घ्या, म्हणून… आबा?

इद्रुस : लिना.

हस्लिना : आबा, तुम्ही इथे कसे?

इद्रुस : मी ना? वडे. वडे घ्यायला आलो होतो. संध्याकाळी मशिदीत रोजा सोडायला. चेल्लाचे वडे चांगले असतात.

चेल्लम्मा : हो. वडे. पन्नास सांगितलेत त्यानं.

हस्लिना : मीपण त्याचसाठी. म्हणजे वडे नाहीत. डोसे. घरी न्यायला. संध्याकाळी मावरला होतील.

इद्रुस : छान. गरम करून घेता येतात.

हस्लिना : हो. तव्यावर.

इद्रुस : तव्यावरच चांगले होतात.

चेल्लम्मा : सात तासांनी डोसा चपलेसारखा लागतो. पण असू दे, आपल्याला काय.

इद्रुस : मी नुसता टेकलो होतो, लिना. उन्हातून आलो ना. हे पान कुणी तरी आधीच टाकून गेलंय इथे. लोक उचलत नाहीत.

हस्लिना : हो, आबा.

इद्रुस : मोरी चार पावलांवर आहे, पण उचलायचं नाही. अशी सवय लागलीय लोकांना.

हस्लिना : आबा, दाढीला रस्सा लागलाय.

(आह सेंगची कढई वाजत राहते.)

चेल्लम्मा : हा कागद घे, अण्णा. पूस. डावीकडे. अजून खाली.

इद्रुस : विचार, लिना. किती दिवस चाललंय म्हणून विचार.

हस्लिना : मी कुठे काय विचारलं, आबा?

इद्रुस : विचारलंस तर बरं होईल. नुसती उभी राहू नकोस.

हस्लिना : त्या रविवारी तुम्हाला ऊन लागलं नव्हतं.

इद्रुस : नव्हतं. आभाळ होतं त्या दिवशी.

हस्लिना : माहीत आहे. धुणं वाळलं नव्हतं.

इद्रुस : साखर खाली गेली होती. सोमवारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाला, रोजे धरलेत तर एक दिवस उठणार नाही. त्या दिवसापासून इथे येतो. फैझलला सांगू नकोस. पोरगा पेनांगहून गाडी हाणत येईल उगाच.

हस्लिना : डॉक्टरनं कागद दिलाय का? गोळ्या बदलल्या असतील तर मला बघायच्या आहेत. आज घेतली?

इद्रुस : नाही अजून.

हस्लिना : मग आधी खाऊन घ्या.

इद्रुस : तुझ्यासमोर? तू रोज्यात आणि मी इथे बसून… नाही. तू डोसे घे आणि जा, मग मी घेतो. थांब, चेल्ला तुला बघून काय म्हणाली? आज इतक्या लवकर, म्हणाली. म्हणजे एरवीही येतेस?

चेल्लम्मा : पोरी, बस तू. आल्याचा चहा आणते, नेहमीसारखा. पोट दुखत असेल.

हस्लिना : चेल्लम्मा, अहो…

चेल्लम्मा : आता काय लपवायचं राहिलंय? त्याची दाढी सांगून गेली सगळं, तुझं मी सांगते. तुझ्यानं होणार नाही ते.

हस्लिना : नको, मी सांगते. मला अडचण आहे, आबा. कालपासून.

इद्रुस : अच्छा.

हस्लिना : हो.

इद्रुस : बरं. ते असतंच. त्यात काय. देवानंच सुट्टी दिलीय.

हस्लिना : हो.

इद्रुस : मग घरी खायचं दोन घास. इथे खांबामागे चोरासारखं कशाला यायचं?

चेल्लम्मा : अण्णा, तू जरा गप्प बसशील?

हस्लिना : घरी, आबा?

इद्रुस : घरीच. कुणी अडवलंय का तुला?

हस्लिना : तुम्हाला आठवत नाही. माझा या घरातला पहिला रमजान. तुम्ही बाहेर ओसरीवर बसला होतात. फैझल होते, त्यांचे दोन्ही काका होते, मशिदीतले इमामसाहेब होते. मी आत कोपऱ्यात पाठ करून पाणी पीत होते. ग्लास ओट्यावर ठेवला आणि वाजला. तुम्ही तिथून मोठ्यानं म्हणालात, आमच्या घरात दिवसा ग्लास वाजत नाही. सगळे हसले.

इद्रुस : चेष्टेनं म्हणालो असेन.

हस्लिना : चेष्टेनंच म्हणालात. कुणी तरी वाकून आत बघितलंही. तेवीस वर्षांची होते मी, घरात येऊन दोन महिने झाले होते. ओसरीवरच्या पाच पुरुषांना कळलं की मला आज काय आहे. संध्याकाळी त्यांनाच वाढायचं होतं मला. वर मान करून वाढता आलं नाही.

इद्रुस : मला काय माहीत, तुला तसं काही… मला वाटलं, पोर नवीन आहे, सवय नसेल.

हस्लिना : आई आत आल्या. माझा ग्लास धुतला, पुसला, पालथा घातला. मग म्हणाल्या, त्यांचं ते वाक्य जुनंच आहे. मी तीस वर्षं न्हाणीघरात पाणी पितेय.

इद्रुस : कोण? रोगायाह?

हस्लिना : हो. नळाला तोंड लावून. तिथे ग्लास नेला तर तोही वाजेल म्हणून.

इद्रुस : ती मला कधी बोलली नाही.

चेल्लम्मा : कुणाला बोलेल? सिग्नल तुझ्या हातात.

इद्रुस : तीस वर्षं?

चेल्लम्मा : दुसऱ्या दिवशी तीच हिला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, चेल्ला, ही माझी सून. रमजानात चार-पाच दिवस तुझ्याकडे जेवेल. पंखा नसला तरी चालेल, पण दिसणार नाही अशी जागा दे. मी हे टेबल दिलं. बारा वर्षं झाली. पोटुशी होती त्या वर्षी महिनाभर आली, तूच घरी कौतुकानं सांगत होतास की सुनेनं पोटात पोर असून सगळे रोजे धरले. रोगायाह गेली, तरी ही येतेय. तू या सोमवारी उगवलास. मला काय घाम फुटला होता माहीत आहे का? तुला साडेबाराला उठवायचं, हिला एकला बसवायचं. काल निभावलं मी, आज त्यांच्या दुकानाची वीज गेली.

इद्रुस : म्हणजे मी तिच्या खुर्चीत बसलोय.

चेल्लम्मा : तिच्याच.

इद्रुस : उठतो मी. लिना, तू बस.

हस्लिना : बसा, आबा. गोळी राहिलीय तुमची. आधी खा.

इद्रुस : तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं खाऊ?

हस्लिना : मी तरी तुमच्यासमोर कसं खाऊ? मलाही ते जमायचं नाही.

चेल्लम्मा : मग दोघं एकमेकांकडे पाठ करून बसा. पण खा. मला जेवणाच्या वेळी टेबल अडवलेलं चालत नाही. … आले, आले. बिनमिरचीचा कुणाचा होता? … हा तुझा आल्याचा चहा, पोरी. आणि हा डोसा. संध्याकाळसाठी नाही, आत्ताचा.

हस्लिना : आबा, घास घ्या. मी इकडे बघते.

इद्रुस : घेतला. गोळीपण घेतली.

हस्लिना : पाणी?

इद्रुस : घेतलं.

हस्लिना : आता एक बोलू? रागावणार नाही ना?

इद्रुस : मला रागावायचा हक्क आहे का आज?

हस्लिना : तुम्ही खाल्लंत त्याचं मला काही नाही. खायलाच हवं होतं. पण काल मावरला जे बोललात ते मी ऐकलं. आत कापड बेतत होते. मला इतकं बरं वाटलं हो. म्हटलं, आबा कसा धीर देतायत पोरीला. नंतर ती तुमचा हात धरून बसली तेव्हा मी दारातून फोटो काढला तुमचा. फैझलना पाठवला. रात्री ती झोपेत ओठ चाटत होती, आबा.

इद्रुस : लाज वाटते गं, लिना. तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

हस्लिना : मला काय कमी वाटते? मी आज पहाटे सहेरी खायला तिच्याबरोबर उठले. ती म्हणाली, आई, माझ्यामागून रोज्याची नियत म्हण. मी म्हटली. शब्द न् शब्द. माझा रोजा नाही हे माहीत असून. तिनं मला वर शाबासकी दिली.

चेल्लम्मा : चांगलं घर आहे तुमचं. सगळे उपाशी आणि सगळे जेवलेले. एक ते लेकरू तेवढं खरं.

हस्लिना : फोन वाजतोय. एक वाजला ना, मावरच असेल. शाळेची गाडी सोडते, शेजारच्या मक सोम दार उघडून देतात. घरात आली की आधी मला फोन करते.

इद्रुस : दे माझ्याकडे.

हस्लिना : काय सांगणार?

इद्रुस : माहीत नाही. दे.

हस्लिना : आबा, आज नको. ती तुमच्याकडे बघून दिवस काढते. मोडून पडेल.

इद्रुस : कालही ती माझ्याकडेच बघत होती. दे, लिना. आत्ता नाही बोललो तर तीन वाजता पेजेपाशी जाईन आणि पुन्हा तोच होईन. मला माहीत आहे मी कसा आहे ते.

हस्लिना : थांबा, आवाज मोठा करते. इथे ऐकू यायचं नाही.

मावर : आई, मी आले. पाणी नाही प्यायले अजून. खेळाच्या तासाला पळालेपण नाही, झाडाखाली बसले. बाईंना सांगितलं माझा रोजा आहे.

इद्रुस : मावर, मी तोक बोलतोय.

मावर : तोक? आईच्या फोनवर? तुम्ही कुठे आहात? केवढा आवाज येतोय.

इद्रुस : फूड कोर्टात आहे. चेल्लम्माकडे.

मावर : तिथे नका बसू, तोक. तिथे वास येतो, मग भूक लागते. घरी या, मी पंखा लावून ठेवते.

इद्रुस : येतो. आधी ऐक. मी आज खाल्लं, मावर.

मावर : विसरून?

चेल्लम्मा : अण्णा…

मावर : विसरून खाल्लं तर चालतं, तोक. आमचे उस्ताद म्हणाले. मीपण पहिल्या दिवशी विसरून बिस्कीट खाल्लं होतं, अर्धं. आठवलं की लगेच थांबायचं आणि चूळ भरायची. रोजा मोडत नाही. तुम्ही आठवल्यावर थांबलात ना?

चेल्लम्मा : बघ, पोरीनं दार उघडून दिलंय तुला.

इद्रुस : नाही गं. विसरून नाही खाल्लं. आठवणीनं खाल्लं.

मावर : आठवणीनं?

इद्रुस : हो. आणि कालही. परवाही. काल तुला म्हणालो ना, माझ्या घशालाही कोरड पडते म्हणून? तेव्हा मी जेवून आलो होतो. तीन डोसे खाल्ले होते.

मावर : आणि पाणी?

इद्रुस : पाणीही. चहाही.

मावर : मग तुम्ही माझ्याबरोबर बोलायचं बंद का केलं होतंत? तुमची थुंकी तर होती.

इद्रुस : मला बोलताच येत नव्हतं, मावर. ते खोटं नव्हतं.

मावर : तुम्हाला बरं नाही का?

इद्रुस : नाही. डॉक्टर म्हणालेत, रोजा धरायचा नाही. यंदाही नाही, पुढेही नाही.

मावर : मग चालतं की. आजारी माणसाला चालतं. तेपण शिकवलंय आम्हाला.

इद्रुस : हो. चालतं.

मावर : मग घरी का नाही खाल्लंत?

इद्रुस : लिना, तू जरा…

हस्लिना : तिनं तुम्हाला विचारलंय, आबा.

मावर : तोक? आहात ना?

इद्रुस : आहे. मीच सांगून ठेवलं होतं ना सगळ्यांना. आपल्या घरात दिवसा ग्लास वाजत नाही म्हणून.

मावर : पण तोक, ग्लास खाली ठेवला की वाजतोच ना.